भैरवगढचा नारळ आणि घरची वडी

माळवा आणि महाराष्ट्र यांच्या संबंधाचा इतिहास सांगावयाचा म्हटला, म्हणजे आपल्या मुखी प्रथम येतात ती लढायांची आणि तहांची नावे. १७२८ च्या नोव्हेंबरातील आमझेऱ्याची लढाई, १७३८ चा भोपाळजवळचा तह, आणि मग शिंदे, होळकर व पवार यांच्या वाट्यास आलेले परगणे. हा इतिहास मोलाचा आहे आणि तो लिहिणाऱ्यांनी मोठ्या कष्टाने लिहिला आहे. परंतु ज्या फौजा नर्मदा ओलांडून उत्तरेस गेल्या, त्यांच्यामागून कारकून, फडणीस, भिक्षुक आणि त्यांची कुटुंबेही गेली. त्या कुटुंबांतील बायकांनी परक्या मुलखात चुली मांडल्या. त्या चुलींवर काय शिजले याची नोंद करण्याचे कोणा बखरकाराच्या मनात आले नाही. आज त्या न झालेल्या नोंदीचा एक लहानसा तुकडा जुळवून पाहण्याचा विचार आहे. तुकडा म्हणावयाचे कारण असे, की विषयच मुळी तुकड्याचा आहे: घरी ताटात थापलेल्या आणि सुरीने कापलेल्या गोड वडीचा.

त्यासाठी प्रथम भैरवगढास जावे लागेल. उज्जयिनीच्या उत्तरेस, क्षिप्रेच्या काठी ही जुनी वस्ती आहे. तटबंदीच्या आधाराने वसल्यामुळे तिला गढ हे नाव मिळाले. येथे कालभैरवाचे मंदिर आहे, जवळच सिद्धवट आहे, आणि वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या कापड छापणाऱ्या छिप्यांची घरे आहेत. सिद्धवटापाशी लोक पितरांना पिंड देण्यास येतात, आणि कालभैरवापाशी नवस बोलण्यास व फेडण्यास. सध्याच्या मंदिराच्या बांधणीवर मराठी काळाची छाप स्पष्ट दिसते. पानिपतानंतरच्या पडत्या काळात महादजी शिंद्यांनी येथे आपली पगडी देवाला वाहिली आणि गेलेले वैभव परत मिळविण्याचा नवस केला, अशी परंपरेची कथा आहे. देवाच्या मस्तकी आजही शिंदेशाही पगडी असते. कथा कागदोपत्री कितपत सिद्ध होईल हा भाग निराळा. परंतु क्षिप्रेकाठच्या भैरवाच्या मस्तकी मराठी पगडी असावी, ही गोष्ट मराठ्यांच्या येथील वास्तव्याबद्दल पुष्कळ काही सांगून जाते.

या देवाचा नैवेद्य मद्याचा. भक्त देवापुढे जी परडी नेतो तिच्यात मद्याची बाटली असते, फुले असतात आणि नारळ असतो. पुजारी बशीत मद्य ओतून ती देवाच्या मुखाशी नेतो, आणि उरलेली बाटली भक्ताला प्रसाद म्हणून परत मिळते. ती घरी नेऊन करावयाचे काय, हा प्रश्न मराठी कुटुंबातील पुरुषास पडत असो वा नसो, त्याच्या पत्नीस निश्चित पडतो. नारळाबद्दल मात्र काही अडचण नसते. तो घरी येतो, फोडला जातो, खवला जातो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या वड्या होतात.

ही गोष्ट आपल्याला इतकी सहज वाटते, की तिच्यातील नवल ध्यानात येत नाही. माळव्यात नारळ होत नाही. काळी जमीन, गहू, हरभरा, कापूस आणि एके काळी अफू यांचा तो प्रदेश. समुद्र तेथून शेकडो मैल दूर. नारळ तेथे येतो तो पाहुणा म्हणून, आणि आला की थेट देवळात जातो. श्रीफळ या नात्याने तो उत्तरेत सर्वत्र पूज्य आहे. पण रोजच्या आमटीत, भाजीत किंवा पोह्यांवर ओला नारळ मूठभर पेरण्याची चैन तेथे पूर्वी कोणालाच परवडण्यासारखी नव्हती. समुद्रकाठी नारळ हा स्वयंपाकाचा जिन्नस आहे, माळव्यात तो पूजेचे द्रव्य आहे.

आता माळव्यात गेलेल्या मराठी मंडळींत समुद्रकाठचे लोक किती होते ते पाहा. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर हे सारस्वत. १७३० नंतरच्या दशकात उज्जयिनीच्या महाकालेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार झाला त्याचे श्रेय त्यांना देतात. पुढे महादजींच्या आणि दौलतरावांच्या काळात जिवबादादा बक्षी म्हणजे केरकर, लखबादादा लाड, बाळोबातात्या पागनीस ही शेणवी मंडळी शिंद्यांच्या दौलतीत मोठ्या अधिकारावर होती. सुखटणकर, केरकर, पागनीस ही आडनावेच गोवे आणि सावंतवाडी या बाजूची वाट दाखवितात. त्यांच्या घरातील स्त्रिया ज्या स्वयंपाकघरात वाढल्या, तेथे खोबऱ्यावाचून एकही जिन्नस पुरा होत नसे. त्या उज्जयिनीस आल्या आणि त्यांना नारळ दिसला तो देवापुढे. रोजच्या वाटणात घालता येत नाही आणि प्रसादाचा म्हणून टाकताही येत नाही. अशा नारळाचे करावयाचे काय? त्याची वडी करावी, चार घरी वाटावी, आणि उरलेली डब्यात भरावी. हे उत्तर कोणी एका बाईने एका दिवशी काढले असे मी म्हणत नाही. वडी त्यापूर्वीही होतीच. परंतु माळव्यातल्या मराठी घरात तिला जे स्थान मिळाले त्याचे मूळ मला या अडचणीत दिसते.

माझ्या मते घरची वडी आणि बाजारची मिठाई यांतला मुख्य भेद येथेच आहे. हलवायाची मिठाई विकत आणलेल्या मालापासून सुरू होते. घरची वडी सुरू होते ती उरलेल्या वस्तूपासून. प्रसादाचा नारळ उरला, त्याची वडी. दुधावरची साय चार दिवस साठली, तिची वडी. लोणी कढवून तूप काढल्यावर भांड्याच्या तळाशी जी तपकिरी, खमंग बेरी राहते, तिच्यात साखर घालून बेरीच्या वड्या आपल्याकडे कितीतरी घरांत होत असत. दिवाळीचा बेसनाचा लाडू करताना पाक चुकला आणि लाडू वळेनात, तर तेच मिश्रण ताटात थापून त्याची वडी झाली, आणि पाहुण्यांना मुळी तेच करावयाचे होते असे सांगण्यात आले. सणाचे पक्वान्न घराची ऐपत दाखविते. वडीत दिसते ती गृहिणीची नजर.

उज्जयिनीला गोड पदार्थांचा इतिहास नवा नाही. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ या नगरीत घडते, आणि गोविंद बल्लाळ देवलांमुळे ते मराठी प्रेक्षकांनाही घरचे झाले आहे. मूळ नाटकाच्या प्रस्तावनेत भुकेला सूत्रधार घरी येतो आणि पत्नी त्याच्यापुढे गूळभात, तूप, दही अशा पदार्थांची नावे घेते. चौथ्या अंकात विदूषक मैत्रेय वसंतसेनेचे प्रासाद पाहत हिंडतो आणि तिच्या मुदपाकखान्यात मोदक वळले जात आहेत, अपूप तयार होत आहेत, असे मोठ्या लालसेने सांगतो. यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मोदक हाताने वळावयाचा, अपूप तव्यावर किंवा तुपात भाजून काढावयाचा. दोन्ही मूळचेच गोल. ताटात ओतून, थापून, सुरीने कापलेला पदार्थ त्या मुदपाकखान्यात दिसत नाही. पुढे माळव्याच्याच मांडू येथे गियासशाह खिलजीने, म्हणजे १४६९ ते १५०० या काळात राज्य केलेल्या सुलतानाने, पदार्थांची एक सचित्र पोथी सिद्ध करविली. ‘निअमतनामा’ या नावाने ती प्रसिद्ध असून आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्या चित्रांत सुलतान बसलेला आहे आणि भोवती स्त्रिया शिजवीत, गाळीत, वाढीत आहेत. माळव्याच्या स्वयंपाकाचे चित्र काढावयाचे म्हटल्यावर चित्रकाराला बायका काढाव्या लागल्या, हे बरेच झाले. बखरकारांपेक्षा त्याची नजर बरी म्हणावयाची.

वडी हा शब्द आपल्याकडे संस्कृतातील वटी, वटिका यांच्यापासून आला. वैद्याची औषधी गोळी तीही वटीच. बर्फी हा शब्द फारसी. बर्फ म्हणजे हिम, त्यावरून पांढरी ती बर्फी. आणि हिंदी मुलखात, विशेषतः जन्माष्टमीस, खोबरे, मखाणे, खरबुजाच्या बिया यांचे जे साखरेत थापलेले तुकडे करतात त्यांना पाग म्हणतात. हा पाग म्हणजे आपला पाकच. उज्जयिनीत दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी बांधविलेले गोपाळमंदिर आहे. तेथील जन्माष्टमीच्या निमित्ताने धन्याची पंजिरी करणारी माळवी शेजारीण आणि सुंठवडा करणारी मराठी शेजारीण यांची ताटे एकमेकींच्या घरी गेली असणार, आणि एकीच्या पागाची व दुसरीच्या वडीची ओळख अशीच झाली असणार. इंदूरच्या आणि उज्जयिनीच्या बाजारात जो खोपरापाक मिळतो त्याचे कुळ मराठी की माळवी, हा वाद घालण्यात अर्थ नाही. कढईत पडल्यावर खोबऱ्याला भाषा राहत नाही.

आता पाकाकडे वळू, कारण वडीचे सारे मर्म त्यात आहे. उसाच्या रसापासून काय काय होते याची मोजदाद कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’त केली आहे: फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा. फाणित म्हणजे आपली काकवी. गुड म्हणजे गूळ. मत्स्यंडिका हे नाव माशाच्या अंड्यांसारख्या कणांवरून पडले. खंड म्हणजे खडा, आणि हाच शब्द फारसी-अरबीतून फिरत युरोपात जाऊन ‘कँडी’ झाला; शर्करेचेही तसेच होऊन ‘शुगर’ झाली. काकवीपासून शर्करेपर्यंतचा हा क्रम म्हणजे उसाचा रस उत्तरोत्तर स्वच्छ आणि दाणेदार करीत जाण्याचा क्रम आहे. वडीला हा शेवटला टप्पा लागतो. गुळाची वडी होते, पण तिला चिकी म्हणा, गजक म्हणा, तिचा धर्म निराळा. ती कडक होऊन मोडते. शिंद्यांच्याच जुन्या राज्यातील मुरैन्याची तिळाची गजक प्रसिद्ध आहे आणि २०२३ मध्ये तिला भौगोलिक उपदर्शनाची मान्यता मिळाली. परंतु नारळाच्या वडीचा जो मऊ, किंचित रवाळ तुकडा जिभेवर विरघळतो, त्याला स्वच्छ साखर हवी.

हे असे का, याचे कारण शास्त्रीय आहे आणि समजावयास सोपे आहे. पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते. साखरेचे पाणी आटत जाते तसा त्याचा उत्कलनबिंदू वर चढत जातो. आपल्या आज्या बोटांमध्ये पाक धरून तार पाहत, ती हीच उष्णता मोजीत. एकतारी पाक रव्याच्या लाडवाला पुरतो. वडीला त्याच्या पुढे जावे लागते. पाण्याच्या वाटीत थेंब टाकला असता त्याची मऊ गोळी व्हावी, म्हणजे पाक सुमारे ११२ ते ११६ अंशांवर आला. या पाकात मावण्यापेक्षा अधिक साखर विरघळलेली असते. निवू लागताच ती परत स्फटिकरूप होऊ पाहते. नेमक्या त्या वेळी मिश्रण घोटले म्हणजे मोठे थोडे स्फटिक होण्याऐवजी बारीक पुष्कळ स्फटिक होतात आणि वडी मुलायम होते. घोटण्याचा कंटाळा केला तर ती वाळूसारखी लागते. लिंबाचे चार थेंब अधिक पडले तर साखरेचा काही अंश द्राक्षशर्करेत आणि फलशर्करेत मोडतो, स्फटिक होण्यास अडथळा येतो, आणि वडी ताटात लोळत राहते. गुळात अशा मोडलेल्या शर्करा मूळचीच असतात, म्हणून त्याचा धर्म निराळा. हे सारे रसायन आमच्या बायकांना नावांवाचून ठाऊक होते.

भैरवगढात याला एक जोड आहे, आणि ती पाहिल्यावाचून पुढे जाववत नाही. तेथील छिपे बाटिकचे काम करतात. वितळलेल्या मेणाने कापडावर नक्षी उमटवावयाची, मग कापड रंगात बुडवावयाचे; मेण जेथे बसले तेथे रंग चढत नाही. मेण अधिक तापले तर ते पसरून रेघ फाटते. कमी तापले तर कापडाच्या वरच बसते, आत मुरत नाही, आणि रंग खालून शिरतो. म्हणजे हाही खेळ उष्णतेचा आणि क्षणाचा. कारागीर मेणाची झळ, त्याचा धूर, त्याची वाहण्याची गती पाहून ओळखतो. या कामाला बाजारात नाव आहे, आणि उज्जैनच्या बाटिकलाही २०२३ मध्ये भौगोलिक उपदर्शन मिळाले. तीच नजर, तीच उष्णतेची पारख जेव्हा चुलीपुढे बसलेली बाई दाखविते, तेव्हा आपण तिला कारागीर म्हणत नाही. आईच्या हाताला चव आहे, एवढे म्हणून मोकळे होतो. हात हा शब्द येथे फार सोयीचा आहे. त्यामुळे डोके आणि डोळे यांचे श्रेय देण्याचे टळते.

परंतु पाकाची विद्या असून भागत नाही. साखर परवडावी लागते. पूर्वी ती सणासुदीची वस्तू होती. घराघरांतून पुडीत जपून ठेवलेली खडीसाखर आणि रोजचा गूळ हीच साधारण वाटणी होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाहेरची यंत्रावर काढलेली पांढरी साखर आली. मॉरिशसहून आली म्हणून ती मोरस साखर. पुढे जावा बेटातून आली. ती स्वच्छ होती आणि स्वस्तही होती, पण तिच्याबद्दल शंका होती. ती शुभ्र करताना हाडांचा कोळसा वापरतात, ही माहिती स्वदेशीच्या चळवळीत, १९०५ नंतर, गावोगाव पोहोचली आणि अनेक कुटुंबांनी ती वर्ज्य केली. वडी पांढरी शुभ्र व्हावी ही हौस एकीकडे, आणि देवाच्या नैवेद्याला परकी साखर कशी चालावी हा प्रश्न दुसरीकडे. राष्ट्रीय चळवळीचा इतिहास सभांच्या आणि खटल्यांच्या रूपाने लिहिला जातो, तो लिहावाच. पण त्यातला एक निर्णय साखरेच्या डब्यापाशी उभे राहून बायकांनी घेतला होता.

१९३२ साली साखरधंद्याला संरक्षण देणारा कायदा झाला. तोपर्यंत देशात तीसच्या आसपास असलेले साखर कारखाने चार-पाच वर्षांतच शंभरावर गेले. दुसऱ्या महायुद्धात साखरेवर नियंत्रण आले, ती शिधापत्रिकेवर मोजून मिळू लागली. त्या काळात ज्यांनी संसार केले त्यांना वडीला साखर साठविणे म्हणजे काय हे सांगावे लागत नसे. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी प्रवरेचा सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, आणि साखर हळूहळू सर्वसाधारण घरातली रोजची वस्तू झाली. सोपी, घरच्या घरी होणारी वडी असे आपण आज म्हणतो, त्यातला सोपेपणा हा असा मिळालेला आहे.

पाकक्रियेची पुस्तके या बदलाचा माग ठेवतात. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली निघाले. मराठीतील पाककृतींचे हे आरंभीचे छापील पुस्तक. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधर यांनी ‘गृहिणीमित्र’ लिहून एक हजार पाकक्रिया एकत्र आणल्या. पुस्तक लिहिणारी आता बाईच होती, हा फरक थोडा नव्हे. आणि १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले. त्यांनी शेर-तोळ्यांची वजने बाजूस सारून वाटी आणि चमचा ही मापे घेतली. माहेरापासून दूर, नोकरीच्या गावी एकट्याने संसार थाटणाऱ्या मुलीजवळ तराजू नसतो, सासू जवळ असेलच असे नाही. वाटी मात्र असते. माळव्यात गेलेल्या त्या पहिल्या बायकांजवळही असे पुस्तक असते तर त्यांचे किती हेलपाटे वाचले असते, असे मनात येते. त्यांना मापे आठवणीतच न्यावी लागली.

येथे थोडे दूर जाऊन येऊ. अमेरिकेत फज या नावाचा जो मऊ, कापून खाण्याचा गोड पदार्थ आहे, त्याचा इतिहास आपल्या वडीशी विलक्षण जुळता आहे. साखर, दूध, लोणी आणि चॉकलेट एकत्र आटवावयाचे, मऊ गोळीच्या पाकापर्यंत न्यावयाचे, निवू द्यावयाचे, घोटावयाचे आणि ताटलीत ओतून कापावयाचे. अंशदेखील तेच, ११२ ते ११५. न्यू यॉर्क राज्यातील व्हासार या मुलींच्या महाविद्यालयात शिकलेल्या एमेलिन हार्ट्रिज या बाईंनी एका पत्रात लिहून ठेवले आहे, की १८८६ साली बाल्टिमोर येथे एका दुकानात हा पदार्थ ४० सेंट पौंड या दराने विकला जात होता. त्यांनी त्याची कृती मिळविली आणि १८८८ मध्ये महाविद्यालयाच्या लिलावासाठी ३० पौंड फज स्वतः केला. मग इतर महाविद्यालयांतील मुलींनी आपापल्या तऱ्हा काढल्या. त्यांना न भट्टी मिळाली, न हलवायाची कढई. वसतिगृहाच्या खोलीत एका भांड्यात त्यांनी जे केले ते जगभर गेले. ब्राउनी ही तिची चुलत बहीण. शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी तेथील पामर हाउस या हॉटेलात स्त्रियांना डब्यातून नेता येईल असा चॉकलेटचा सुटसुटीत तुकडा तयार झाला, अशी हकीकत सांगतात. १९०६ सालच्या फॅनी फार्मर यांच्या पाकपुस्तकात चॉकलेट ब्राउनीची कृती छापलेली आहे. ती भट्टीत भाजावयाची असल्याने आपल्या चुलीशी तिचे जमले नाही. फज मात्र कोको घातलेल्या चॉकलेटच्या वडीच्या रूपाने आपल्या घरात केव्हाच शिरला आहे, आणि तो परका आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

गेल बॉर्डन याने १८५६ मध्ये दूध आटवून टिकविण्याच्या कृतीचा हक्क अमेरिकेत मिळविला. साखर घातलेले ते डबाबंद दूध आज आपल्या वडीलाही चालते, आणि अर्ध्या तासात ताट भरते. मला त्याबद्दल तक्रार नाही. ज्या बाईला दिवसभर कामावर जावयाचे आहे तिने खवा आटवीत बसावे असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? तक्रार आहे ती बाजारच्या खव्याबद्दल. एक लिटर म्हशीचे दूध आटविले तर खवा सुमारे २०० ग्रॅम किंवा थोडा अधिक पडतो. हा हिशेब ज्याला ठाऊक आहे त्याला दिवाळीच्या आठवड्यात बाजारात अकस्मात दिसणाऱ्या माव्याच्या राशी पाहून शंका आल्यावाचून राहत नाही. ग्वाल्हेर, भिंड, मुरैना या बाजूस दर वर्षी सणाच्या तोंडी अन्नविभागाला भेसळीच्या माव्यावर छापे घालावे लागतात. माळव्यातल्या मराठी घरांत नारळाच्या वडीत खव्याऐवजी घरचे दूध किंवा साय घालण्याची रीत आहे. ती काटकसरीतून आली असेल. आज ती शहाणपणाची ठरली आहे.

त्या रीतीचे एक कारण नारळातही आहे. कोकणातला नारळ झाडावरून उतरला की घरात येतो. त्याचे खोबरे ओलसर, गोड आणि मऊ असते. भैरवगढच्या परडीतला नारळ पुष्कळ प्रवास करून आलेला. तो हलविला तर पाणी खळखळते, खोबरे घट्ट आणि तेलकट असते. कोकणातली कृती जशीच्या तशी त्याला लावली तर वडी कोरडी होते आणि घशाशी अडकते. म्हणून दूध. माळव्यात दुधाला कधी वाण नव्हती. समुद्रकाठचे खोबरे आणि पठारावरचे दूध यांची अशी गाठ पडली.

श्रोत्यांपैकी कोणास ती करून पाहावयाची असल्यास कृती थोडक्यात सांगतो. प्रसादाचा नारळ फोडून वाटीच्या पाठीची काळी साल खरवडून घ्यावी. ती राहिली तर वडी मळकट दिसते. खवलेले खोबरे दोन वाट्या, साखर दीड वाटी, दूध अर्धी वाटी आणि असल्यास दोन चमचे साय, एवढे जाड बुडाच्या कढईत एकत्र करावे. जुन्या नारळाला दूध पाऊण वाटीपर्यंत लागते. आच मध्यम असावी आणि उलथने थांबू नये. प्रथम मिश्रण पातळ होईल, मग दाटेल, मग कढईच्या कडांना साखरेची पांढरी रेघ दिसू लागेल आणि गोळा मधोमध जमू लागेल. त्याच क्षणी कढई खाली उतरवावी. वेलदोड्याची पूड आता घालावी, आधी घातली तर वास उडतो. दोन-तीन मिनिटे नेटाने घोटावे, आणि तुपाचा हात फिरविलेल्या ताटात ओतून तूप लावलेल्या वाटीच्या बुडाने सारखे थापावे. वड्या कापण्याची घाई करू नये, आणि फार उशीरही करू नये: ताटाला हात लावला असता सोसेल इतके ते निवले, म्हणजे सुरीने रेघा ओढाव्या, आणि तुकडे मात्र पूर्ण गार झाल्यावरच उचलावे.